पुढच्या गादीवरचा डाग

हॅलो?… कोण?… जरा मोठ्यानं बोल बाई… रतन व्हय. बोल गं. निमगावातनंच न्हवं?… मी बरी हाय. गुडघं सोडून समदं बरं. कोऱ्हाळ्यात काय, ऊस आन ऊसच.

काय म्हणतीस?… रामहरीनं पिकअप घेतली? बरं झालं की. भाजी न्यायला दुसऱ्याच्या दारात तरी जायला नको… आन काय?… कंपनीच्या गाद्या काढून चामड्याच्या घालतोय? खरं चामडं?… माप देऊन आलाय बारामतीला…

न्हाय, हाय मी. ऐकतीय, बोल.

दसऱ्याला पूजा… आन पुढच्या गादीवर पयलं मी बसायचं? घरातली मोठी म्हणून… हं.

रतन, गाडी उभी कुठं करता गं?… विहिरीकडच्या लिंबाखाली… व्हय, सावली हाय तितं.

कुठं काय, काय न्हाय झालं मला… तुझ्या भाकरी झाल्या का? झाल्या ना? मंग बस जरा. तुझ्या आजेसासूला, रामहरीच्या आजीला, तू बघितलं न्हाईस, द्वारकावहिनीला… तीच, भिंतीवरच्या फोटोतली. तिचं सांगते.

एकोणीसशे छप्पन साल. मी परकरात हुते. माझा थोरला भाऊ मानसिंगदादा, म्हंजे रामहरीचा आजा, त्यानं मिल्ट्रीच्या लिलावातली गाडी आणली… अगं पिकअपच ती, नाव तेवढं नव्हतं. पुढं तिघं बसायची, मागं उघडा हौदा. बसायला नुसती फळी आन वर पोतं. वांग्याच्या पाट्या घेऊन बारामतीला जायचा, आन तितलं दलाल हसायचं. म्हणायचं, मानसिंगराव, गाडी सायबाची आन बैठक बैलगाडीची. ते लागलं त्याला.

आता बैलाचं ऐक… बैलाशिवाय गोष्ट व्हत न्हाय ही.

हौश्या नाव. वहिनीच्या माहेरचं वासरू, मोरगावचं. आई मेलेली, वहिनीनं ताकातली पेज पाजून वाढवलं. आमच्याकडं आलं आन मोठं झालं, मोटंला लागलं, नांगराला लागलं. दादाचा लई जीव. एकदा त्याचा मागचा पाय लुळा पडला, तवा पुठ्ठ्यावर, मागच्या मांडीच्या वर, डागायचं ठरलं… तापल्या लोखंडानं गं. तवा कुठला डॉक्टर. दादानं विळा तापवला, हातात घेतला, पण हात खाली येईना. मंग वहिनीनं त्याच्या हातातनं विळा घेतला आन टेकवला. दादा तोंड फिरवून उभा. पाय सुधारला, पण डाग राह्यला, विळ्यासारखाच वाकडा. त्यावर केस म्हणून आलं न्हाईत.

हो, हो… येते गं गादीवर, ऐक ना.

त्या उन्हाळ्यात हौश्या गेला. वहिनी तवा मोरगावला, बाप आजारी म्हणून गेलेली. आपल्यात घरचा बैल मीठ घालून आपल्याच रानात पुरायचा, अंगावरच्या कातड्यासकट. त्याला सुरी लावायची न्हाय. आजवर कुणी लावली नव्हती. वहिनी आली तर लिंबाखाली ताजी माती… व्हय. तोच लिंब… आता बोलू नको मधी.

दादा म्हणला, पुरला. एवढंच.

पोळ्याला वहिनीनं त्या मातीवर हळदकुंकू वाहिलं, पुरणपोळी ठेवली. हौश्याची झूल काढली पेटीतनं, आरशाच्या टिकल्यांची, तिनंच शिवलेली. जरा वेळ मातीवर पसरली आन परत घडी घालून ठेवली.

आन मंग दसरा.

सकाळीच दादा बारामतीवरनं गाडी घेऊन आला. तितं जोतीराम म्हणून हुता, टांग्याच्या गाद्या शिवायचा. त्याच्याकडनं काथ्या भरून चामड्याची गादी करून घेतलेली. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं, तांबूस, मऊ. आळीतल्या बाया हात फिरवून बघत हुत्या. वहिनीनं झेंडूची माळ बांधली, नारळ वाढवला. दादा म्हणला, बस पुढं. आता त्या काळात बाईनं नवऱ्याशेजारी पुढं बसायचं, ते पण आळीसमोर… शेजारची सरुबाई म्हणली, बस की गं, आमाला कोण म्हणतंय. वहिनी लाजली. पदर नीट केला, चढली. आन बसताना गादीवर हात टेकला.

…

न्हाय गं, टोचलं न्हाय काय. हात तितंच राह्यला. बोट फिरत हुतं. वाकडं, असं गोल, मंग परत. दादानं गाडी चालू केलेली. वहिनी उतरली. आमाला वाटलं, चक्कर आली.

चुलीपाशी दादाला म्हणली, "लिंबाखाली काय हाय मंग?"

दादा खाली बघत म्हणला, "तोच हाय. वरचं तेवढं न्हाय."

वहिनीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मंग म्हणली, "म्हंजे उघडाच निजवला त्याला."

…व्हय गं, त्याचंच कातडं.

तिन्हीसांजेला दादा गावात सोनं वाटायला गेला. वहिनीनं पेटीतनं झूल घेतली, खुरपं घेतलं आन लिंबाकडं गेली. मी मागं निघाले तर म्हणली, शकू, तू दिवा लाव जा. आली तवा हातात खुरपंच हुतं. दादाला ह्यातलं कायबी कळलं न्हाय.

न्हाय, बोलणं बंद नव्हतं. भाकरी वाढायची, हसायची बी. पण त्या गादीवर बसली न्हाय. बाजारला जायचं तर मागं, पाट्यांत. ऊन म्हणू नको, पाऊस म्हणू नको. पुढं दादा एकटा, शेजारची गादी मोकळी, आन मागं बायको वांग्यांत. लोक म्हणायचं, मानसिंगरावाची बायको हाय का हमाल. तो बी हसायचा. वरवर.

काढून का न्हाय टाकली गादी?… आमी बी तेच म्हणायचो. हट्टी हाय म्हणायचो.

एकाहत्तर साली वहिनीला कावीळ झाली. बारामतीला न्यायचं हुतं. दादानं पुढचं दार उघडलं आन नुसता उभा राह्यला. वहिनी म्हणली, मागं टाका मला. पोत्यावर निजवली. तिचं डोकं माझ्या मांडीवर. रस्ता असा, की दर खड्ड्याला दादा मागं वळून बघायचा…

व्हय. दवाखान्यातच गेली. येताना बी ती मागंच हुती.

तेरावं झालं आन दादा म्हणला, शकू चल संगं. जोतीरामाकडं गेलो. दादा म्हणला, उसव ही. जोतीराम शिवण उसवत हुता, आन दादा बाहेर तोंड धुवायला गेला तवा मला म्हणला, "ताई, मी तवाच म्हणलेलं, डाग कापून टाकतो, गादी एकसारखी दिसंल. तर मानसिंगराव म्हणलं, कापू नको. त्याच्यासाठीच तर करतोय. मातीत घालवंना, रोज संगं राहील."

…

मी इचारलं की दादाला. येताना, त्या फळीवर बसून. वहिनीला का न्हाय सांगितलं? तर म्हणला, तिनं काय हाय ते इचारलं. का केलं, ते कधी इचारलं न्हाय.

मंग लिंबाखाली खणायला लागला, कातडं ठेवायला. कुदळीला झूल लागली. कुजलेली, टिकल्या तेवढ्या चमकत हुत्या. त्याला ठाऊकच नव्हतं ना. तितंच बसला खड्ड्यात. मंग कातडं आत घातलं, वर झूल ओढली आन माती लोटली.

पुढं काय असणार. फळीवर पोतं टाकून गाडी चालवली त्यानं, मंग तेबी सोडलं. दोन पावसाळ्यांनी गेला. गाडी विहिरीपाशी गंजली, भंगारात गेली. टांगं संपलं तसं जोतीराम टॅक्सीच्या रेक्झिनच्या गाद्या शिवत राह्यला, तोबी गेला. सरुबाई गेली. राह्यले मी.

अगं न्हाय, रामहरीला बोलू नकोस. त्याला काय म्हाईत. आताचं चामडं कारखान्यातलं, कुणाचं कोण सांगणार. घालू दे. मी येईन दसऱ्याला, बसेन बी पुढं… खरंच बसेन.

गाडी तेवढी लिंबाखालनं काढ.

आज. रामहरी यायची वाट बघू नको… तुला चालवाय येत न्हाय, मंग ढकला. सासूला हाक मार, शेजारणींना बोलव… हां. हळू, मुळं हायत तितं.

हॅलो?… रतन?…

फोन तसाच टाकून गेली वाटतं.

…बाया हाका मारतायत… व्हय, दम लावा… हालली.

बरं. ठेवते.