तात्यांची पुसायची राहिलेली फुली

वहिनी, शेठ, आणि जमलेल्या माझ्या भावांनो,

आज सकाळी देवापुढे दिवा लावला आणि रोजच्या वेळेआधीच राहनाळला, या आपल्या गोदामात आलो. कशाला आलो ते शेवटी सांगतो. आज बोलणं अवघड आहे. तात्या गेले म्हणून, आणि शेठ समोर बसलेत म्हणूनही.

तात्या आपले मुकादम. ते कधी कुणावर ओरडले नाहीत. थप्पी वाकडी लागली, जड खोका हलक्यावर चढला, की त्यावर खडूने फुली मारायची आणि पुढे जायचं. ज्याची चूक त्याने सुधारायची आणि फुली स्वतःच्याच हाताने पुसायची. पुसली की विषय संपला.

मी एकदा म्हणालो, "तात्या, तोंडाने सांगा की. खडू कशाला झिजवता?"

"तोंडानं सांगितलं तर गोदामभर जातंय. फुली तुझ्यापुरती हाय."

आणि तात्यांचं चुकलं तर? आठवतं ना? तापाने फणफणलेल्या माणसाला त्यांनी गाडी भरायला लावलं. आपल्या सलीमभाईंनी तात्यांच्याच टेबलावर फुली मारली. तात्यांनी फुली पाहिली, त्या माणसाला घरी पाठवलं, मग शर्टाच्या बाहीने टेबल पुसलं.

"बराबर किया, सलीम."

"चाचा, खडू भी आपका ही था."

तेव्हा कुठे सगळ्यांनी श्वास सोडला.

शेठ, गेल्या महिन्यात तुम्ही मीटिंग घेतलीत. म्हणालात, "तात्या, जमाना बदलला. फीडबॅक सगळ्यांसमोर, मोकळेपणाने द्यायचा." तात्या उठले. "न्हाय जमत, शेठ," म्हणाले आणि बसले. तुम्ही हसलात. आम्हीही हसलो.

त्याच दुपारी मागच्या दारापुढच्या खोक्यांपैकी एकावर तात्यांची फुली दिसली. पुढे आग लागली तर पळायला आम्हाला तेवढंच दार. खोके तुम्ही सांगितलंत म्हणून तिथे रचले होते. तुम्ही फुली पाहिलीत. "सीझन संपला की बघू," म्हणालात.

तात्या रोज जाऊन बघायचे. फुली तशीच. आणि गुरुवारी देवाने त्यांना झोपेतच नेलं.

शेठ, तुम्हाला सुनावण्याइतका मी मोठा नाही. नोकरीची भीती मलाही आहे. आज नोकरी जाऊ शकते, असं बायकोला सांगूनच निघालो. पण तात्यांची गोदामाची चावी आता माझ्या कमरेला आहे, आणि ही सगळी माणसं दिवसभर त्या दाराच्या आत असतात. त्यांच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवू?

आता सगळे उभे राहू. ज्याला देवाचं जे नाव येईल ते मनात घ्या आणि थोडा वेळ शांत राहू. मग जाताना मागच्या दाराने जा. सकाळी मी खोके हलवलेत. दार उघडं आहे.

तात्यांच्या फोटोशेजारी ठेवलाय तो फुलीचा खोका. फुली मी पुसलेली नाही, शेठ. ती तुमच्यासाठी ठेवली आहे.