मागाच्या हात्याला झोळी

मी मूळचा मंद्रूपचा. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. तिसरीतनं शाळा सोडली, सोलापुरात चुलत्याकडं आलो आणि हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलो, ते बसलोच की.

लगीन झालं तवा आमची मंडळी शाळेत होती. पंधरावं सरायच्या आत सरू झाली आणि शाळा सुटली. मला काय वाईट वाटलं न्हाय, आता दोघं सारखी झालो. पर तिच्या शाळेच्या बाई, विधवा होत्या, एक दिवस घरी आल्या. पोर अंगावर पितं म्हणून आईनं शिकू न्हाय असं कुटल्या पोथीत लिवलंय, म्हणाल्या. चुलती म्हणाली, पोरीला बघणार कोण? तवा बाईंनी सरूच्या झोळीची दोरी माझ्या मागाच्या हात्याला बांधली. हात्या म्हंजी पुढची दांडी, ती ओढून धागा ठोकायचा. ओढली की झोळी हलायची, थांबलो की पोरगी रडायची. काय सांगू तुमाला, त्या दिसांत विणलं तेवढं कापड मी पुन्हा कवा विणलं न्हाय.

दुपारी सरूला पाजायला शाळेत न्यायचं कामबी माझंच. एकदा उशीर झाला, खिडकीबाहेर हुबा ऱ्हायलो, आत हजरी चालली होती. बाई म्हणाल्या, गोदावरी. आतनं आवाज आला, हजर. कसा आवाज, मोकळा, मी कवा ऐकलाच नव्हता. घरात ती आधी सूनबाई, मग सरूची आई. नवऱ्यानं नाव घ्यायची आमच्यात रीत न्हाय, मी नुस्तं अगं म्हणायचो. आणि परकी बाई तिचं नाव रोज घेती! पोटात जाळ पडला बघा. कुणा पुरुषावर जळलो असतो तर भांडलो असतो. बाईवर जळलो, ते कुणाला सांगू?

ती फायनल, म्हंजी सातवीची परीक्षा, पास झाली, त्याच शाळेत बाई झाली. थोरल्या बाई आता न्हाईत. लगीन होऊन, पोर होऊन घरी बसलेल्या पोरींना ही जाऊन आणती, आणि त्यांची पोरं माझ्या हात्याला. आता तीन झोळ्या हाईत, हात्या लई जड झालाय.

त्या पोरींतली एक शांता, फायनलला बसलेली. परीक्षा तोंडावर आली तवा तिचा नवरा, गिरणीतला, दुपारी माझ्याकडं आला. मंडळी शाळेत होती. मामा, म्हणाला, तुमी पुरुषमाणूस, तुमाला कळंल. आधी भोंगा झाला की दारात हुबी असायची, आता नकाशा घिऊन बसती, वर तोंड करून बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या. उद्यापास्नं पाठवत न्हाय.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. इतक्या वर्सांनी माझ्यासारखा दुसरा भेटला. बरोबर हाय तुझं, हे जिभेवर आलंच होतं. मी एवढं म्हणलो असतो तर शांता घरी बसली असती.

तेवढ्यात त्याचंच पोर रडाय लागलं, ऐकता ऐकता माझा हात थांबला होता. तो नुस्ता बघत बसला. मी म्हणलं, “वड की दोरी.” त्यानं ती बैलाची असल्यागत वडली. “हळू रं, पोर हाय ते.”

पोर गप झालं. मी इचारलं, “जळतंय व्हय पोटात?”

त्यानं मान खाली घातली.

“माझं अजून जळतंय. हात मातुर थांबवायचा न्हाय.”

दोरीला आणि एक हळू झोका दिला, गेला. परीक्षेच्या दिवशी मधल्या सुट्टीत पोराला घिऊन शाळेच्या दारात हुबा होता म्हणं.

परवा निकाल लागला, शांता पास. समद्या पोरी घरी आल्या, आत मंडळीसंगं हसत होत्या. माझ्यासंगं ती तशी कवाच हसली न्हाय. मी खड्ड्यात बसून जळत होतो. पोरी गेल्या, ती झोळ्या सोडाय आली, आणि माझ्या तोंडातनं गेलं, “गोदावरी.”

तिनं आधी दाराकडं बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मग म्हणाली, “हजर.” आणि झोळीत तोंड घालून हसत बसली.

तर असं हाय. जळायचं ते जळतंच, पर या पोरी शिकू द्यात, सुखी ऱ्हाऊ द्यात. आता सरा जरा, तुमच्यासंगं बोलता बोलता हात थांबलाय माझा, ते कडंच्या झोळीतलं पोर उठंल.