शेवंताची ओवाळणी

मंडळी, ऐका! एकच प्रश्न विचारतो. पुण्य बसल्या जागी लागतं का हो? — माना डोलवू नका, उत्तर द्या! नाही येत? मग बळवंतरावांची गोष्ट ऐका.

बळवंतराव म्हणजे हायस्कुलातून निवृत्त झालेले हेडमास्तर. राहायला साताऱ्यात, मूळ गाव वर डोंगरावर. त्यांनी एका म्युच्युअल फंडात पैसे घातले. फंड कसला? पर्यावरणाचा! पवनचक्क्या, सौरऊर्जा, असल्याच कंपन्या त्यात. दर महिन्याला खात्यातून हप्ता आपोआप जायचा. आपोआप पुण्य! आपल्याला एकादशीला साबुदाणा तरी भिजवावा लागतो!

हेतू वाईट नव्हता हो माणसाचा. नातवंडांना चांगली हवा मिळावी, हीच मनापासून इच्छा.

अन् एक दिवस धाकट्या बहिणीचा, शेवंताचा, गावाहून फोन आला.

"दादा, पवनचक्कीवाले देवराईतनं रस्ता काढाय लागल्यात! राईतली वाळली काटकी सुदिक आपण उचलत न्हाई, आन् हे मशीन घालणार! रस्ता पडीकातनं बी जातुय, लांब पडतुय एवढंच. उद्या गावसभा हाय. तू ये. तू बोललास की ऐकत्यात माणसं."

खरंच होतं ते. गावाकडच्या हायस्कुलात निम्मं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं!

पण मंडळी, ती कंपनी बळवंतरावांच्याच फंडातली! मनात आलं — काम रखडलं तर? भाव पडला तर? म्हणाले, "अगं, हे पर्यावरणाचंच काम आहे. आणि माझा गुडघा फार दुखतोय गं."

गुडघा! — हसताय काय? आपले गुडघे नेमके कधी दुखतात, ते आपल्यालाच ठाऊक!

सभा भरली. शेवंता एकटी उभी राहून बोलली. कुणीतरी म्हणालं, "सर आले नाहीत, म्हणजे सरांना मान्य दिसतंय." झालं! भराभर हात वर गेले. आठवड्यात राई आडवी. राईतल्या झऱ्यात नुसता गाळ.

पुढे फंड वाढला. भाऊबीजेला बळवंतराव जाडजूड पाकीट घेऊन गावी गेले. शेवंतानं पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं. त्यांनी ताटात पाकीट ठेवलं. तिनं ते उचललं, अन् हळूच त्यांच्या हातात परत दिलं.

"दादा, जल्मात एकदाच तोंडानं ओवाळणी मागितली. सभेला ये म्हणलं हुतं. तवा आला न्हाईस. आता हे नगं." आणि म्हणाली, "जेवाय बस. तुझ्या आवडीचं केलंय."

अरेरे! भांडली असती तर बरं झालं असतं हो! बळवंतराव पानावर बसले. डोळ्यांतलं पाणी ताटात पडलं. आजही दर भाऊबीजेला जातात बिचारे. ती ओवाळते, वाढते, पण ओवाळणी काही घेत नाही.

आता घरी जाऊन फंड विकू नका हं! पवनचक्की वाईट नाही, गुंतवणूकही वाईट नाही. पण हप्ता भरला म्हणून माणूस सुटत नाही, बाबांनो! कुणीतरी तुम्हालाही म्हणत असेल, 'उद्या ये, माझ्या बाजूनं उभा राहा.' पैसा नको असतो त्याला, तुम्ही हवे असता.

टाळ उचला, देवाचं नाव घ्या. पण आधी सांगा — तुम्ही कुणाला गुडघा दुखतोय म्हणून कळवलंय?