दोष गिअरबॉक्सचाच

– आणि शपथेवर सांगतो रुअरी, यातलं एक अक्षर खोटं निघालं तर मला आत्ताच्या आत्ता या समुद्रात ढकल – ट्रकच्या मागच्या हौद्यात बैल होता, तो शिंकला, आणि त्या हादऱ्यानं अडलेला रिव्हर्स गिअर पडला! म्हणजे, शिंकला असं नाही, खोकला. बरं, बैल नव्हता, शेळ्या होत्या. पण तू मेकॅनिक ना? मागे काय होतं त्याच्याशी तुला काय करायचंय? तू गिअरबॉक्स बघ.

तर गेल्या मंगळवारी – तू पलीकडच्या किनाऱ्याचा, तुला काय कळणार – आमच्या फेरीबोटीला तोंड एकच. चढायचं ते उलटं, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. आमच्याकडे नवरीची गाडीसुद्धा बोटीवर पाठमोरी चढते. मी ट्रक वळवला, शेपूट बोटीकडे केलं, क्लच दाबला, दांडा ओढला – खर्रर्र! असा आवाज, की सीलनी पाण्याबाहेर डोकी काढली. पुन्हा ओढला – खर्रर्र! समोर अख्खं बेट रांगेत. आणि तो डोनाखा, बोटवाला, हातात दोर धरून ओरडतो, ‘फाख्तना, आज निघायचं की ईस्टरला?’ मी म्हटलं, ‘एवढी घाई असेल तर बोट आण वर, घाल माझ्या ट्रकखाली!’

आता बेटाच्या सहकारी सोसायटीच्या नोरीनबाईंनी तुला पाठवलंय. बेटाचा सगळा माल मीच नेतो-आणतो, माझ्या आधी माझा बाप न्यायचा. बाई म्हणतात, दोष ट्रकचा असेल तर दुरुस्त करू, नसेल तर काम डोनाखाच्या मेव्हण्याला. त्याचा ट्रक ऑटोमॅटिक! बटण दाबतो तो, बटण – ट्रक चालवतो की चहाची किटली? म्हणून म्हणतो, दोष गिअरबॉक्सचाच आहे, एवढं बाईंना सांग आणि लाग आपल्या वाटेला.

बरं, बस आत, बघ. दाब क्लच, टाक रिव्हर्स – गेला? पहिल्याच झटक्यात? पुन्हा कर. हं. आवाजसुद्धा नाही. बेइमान ट्रक! थंड आहे म्हणून असेल – थंड असताना जास्त अडतो? मग गरम कर की! पेडलखाली काय शोधतोस, तिथं चटई-बिटई काही अडकलेलं नाही, पाहिलंय मी. क्लचचं तेल? मीच भरलंय. आणि पहिला गिअर मला कधी अडला नाही – हो, हो, माहितीये, पहिल्याला आत सांभाळून घेणाऱ्या कड्या असतात, तो अर्ध्या क्लचवरही पडतो. रिव्हर्सला त्या नसतात, पेडल तळाला टेकलंच पाहिजे. मला शिकवतोस! हेच तर डोनाखाही आत येऊन – काय? तो कशाला येईल आत? बरं, आला होता. आला, माझ्या बुटावर स्वतःचा बूट ठेवला, आणि दाबलं. सगळ्या रांगेनं पाहिलं. पण गिअर मी टाकला! हात माझा होता!

माझ्या डाव्या गुडघ्याकडे असा बघू नकोस. उन्हाळ्यात ठणठणीत असतो. म्हणजे, उन्हाळा आला की. डॉक्टरीणबाई म्हणतात कूर्चा झिजलीय – त्यांना येतो का ट्रक चालवता? उतर. उतर म्हणतो ना! आता बघ. हँडब्रेक ओढलेला. उजवा पाय – उजवा! – क्लचवर, तळापर्यंत. दांडा मागे. ऐकलास आवाज? नाही ना? डावा पाय ब्रेकवर, तिथं एवढा जोर लागत नाही. अ‍ॅक्सिलरेटर? अरे, बोटीचा धक्का उताराचा आहे, ट्रक आपोआप बोटीकडे सरकतो, अ‍ॅक्सिलरेटर लागतो कुणाला? पलीकडे पहिल्यात टाकायचा आणि सरळ बाहेर. कुरणात सराव केलाय मी, गाईंच्या देखत – एकही गाय हसली नाही. त्या मेव्हण्यानं ओल्या शेवाळावरून असा मागे येऊन दाखवावा म्हणावं, बटण दाबून!

डोकं कशाला धरतोस? जा, सांग नोरीनबाईंना – त्या बघ खिडकीतनं बघतायत. गुडघा गेलाय म्हणून सांग. आणि येत्या मंगळवारी बोटीवर पहिला ट्रक फाख्तनाचा असेल, हेही सांग. तुला मी खोटं बोलायला लावणार नाही. गिअरबॉक्सचं तेवढं मी रचलं होतं. हो आता बाजूला, चाकाखाली येशील.