खांबावर टांगलेली वार

फोनच्या तारांमागं चालून चालून माझे गुडघे गेले, ते उगाच नाही. सत्तर सालच्या आसपास भोरहून वेल्ह्याकडं जाणारी लाईन अशी खरखरायची की पलीकडचा माणूस रडतोय की हसतोय, कळायचं नाही. साहेब म्हणाले, "तारेला फांद्या घासतायत. तोडा." उन्हातान्हात आम्ही वाटेतल्या सगळ्या फांद्या तोडल्या. आठवड्याभरात खरखर आधीपेक्षा जास्त!

पुन्हा खांब बघत निघालो. दुपार टळल्यावर एका धनगरवाड्यापाशी खांबावर गोणपाटाचं गाठोडं दिसलं. लोखंडी तारेनं बांधलेलं. वारा आला की ती तार आमच्या तारांना घासत होती. खाली एक म्हातारी गोवऱ्या थापत होती.

"आजी, हे काय टांगलंय?"

"म्हशीची वार हाय, व्याल्यावर पडती ती. चार दिसांमागं व्याली. वार उंच टांगाया लागती. कुत्र्यानं खाल्ली तर म्हस दूद देत न्हाई."

"अहो, मग झाडाला टांगायची!"

"उंबराची फांदी व्हती की हितं. तुमीच तोडलीसा."

मी वर चढलो, गाठोडं सोडलं, ओढ्यापलीकडच्या उंबराला बांधून आलो. मग खांबावर फोन जोडून भोरला विचारलं. ऑपरेटर बाई म्हणाल्या, "आवाज अगदी स्वच्छ. पण आता पासली गावाकडून खरखर येतेय."

मी खांबालाच डोकं टेकलं.

"काय झालं रं?" म्हातारीनं विचारलं.

"पासलीची लाईन बिघडली."

"आगं बया! माजी लेक तितंच दिलीया," म्हातारी खुलली. "म्हंजी तिचीबी म्हस व्याली म्हनायची!"