मुलगा बघायला डुंगरावर

—छे हो, मी कुठं दमले? तुम्ही दमला असाल, म्हणून बसले मी. बसा ना भूपेंद्र, बसा, ती थैली ठेवा खाली. जाऊ द्या त्यांना पुढं. तुमच्या आई उधन्याच्या स्टेशनावर म्हणत होत्या गुडघे धरलेत, अन् आता बघा, आमच्या सुषमाचा हात धरून कशा तुरुतुरु चालल्यात! — अन् हा आवाज? ते आमचे हे. भांडत नाहीत, साधं बोलताहेत. सगळा जन्म कापडाच्या लूमच्या खडखडाटात गेला, माणूस हळू बोलायचंच विसरला. ओ सुषमाना बाप! हळू बोला, देवी जागी व्हई जाई! — गेलं ऐकू? नाही गेलं. चालायचंच.

थैली जड लागली ना? खरं सांगा. वांग्याचं भरीत आहे, कळण्याच्या भाकरी आहेत, ठेचा आहे, अन् — आता लपवून काय करू — सगळ्यात खाली वरवंटा आहे. हो हो, वरवंटा! हसताय काय? मुद्दाम ठेवला. मुलगी बघायला सगळे येतात, मुलगा कोण बघतं? खुर्चीवर बसून पोहे खाताना कुणीही राजाच दिसतो. अन् नवागामच्या आमच्या खोलीत खुर्ची ठेवली तर माणसांनी उभं राहायचं कुठं? म्हणून मी म्हटलं, रजेच्या दिवशी पारनेऱ्याच्या डुंगरावर जाऊ. चढण सोपी, पायऱ्या बांधलेल्या, लेकरंसुद्धा पळत चढतात. वर देवीचं दर्शन, गार वारा, खाली आंब्याच्या वाड्या, आभाळ स्वच्छ असलं तर लांब समुद्राची रेघ — सहलीची सहल अन् परीक्षेची परीक्षा. तुमच्या आधी दोघं येऊन गेले. पहिला इथंच, या वळणावर फुसकन बसला. विडीनं छातीची चाळण झालेली. नापास! दुसरा भेस्तानचा. तो आपला थैली खांद्यावर टाकून शीळ वाजवत वर. — त्याला का नाही म्हटलं? म्हटलं, बाईमाणूस धापा टाकत मागं राहिलं अन् हा वळूनही बघत नाही, कशाला हवा असला? — म्हणजे मी धापा नव्हते टाकत. बोलायची एक रीत असते.

तसा मुलगा चांगला होता हो. नाही कशाला म्हणू? फक्त लग्नानंतर बायकोला गावी, पारोळ्याकडं नेणार म्हणाला, अन् मी त्याच्यात खोट शोधायला लागले. एकुलती एक लेक. ती गेली की घरात मी बोलू कुणाशी? यांना तर ऐकू येत नाही. तेव्हापासून मनाला टोचतंय, की शोभाबाई, स्वतःसाठी पोरीचं सोन्यासारखं स्थळ मोडलंस. — आता तुम्ही. थैली उचलली, विडी नाही, मी बसले तर तुम्हीपण बसलात. खोट काढायला जागाच ठेवली नाही, काय करू मी तुमचं?

अन् ही सुषमा तिथं वरच्या वळणावर उभी राहून हातवारे काय करते? मला बोलावते का? — थांबा थांबा. ओठावर मिशीला पीळ दिला, मग मूठ आवळली. अगं बाई, ही तर खात्यातली, लूमच्या कारखान्यातली बोली! लूमच्या आवाजात कोण ऐकतंय, म्हणून कारागीर हातानं बोलतात — धागा तुटला, बॉबिन संपली. मीपण बॉबिनी भरूनच संसार केला, मला नका शिकवू. मिशी म्हणजे मुकादम. ‘मुकादम सोडत नाही का?’ मुकादम कोण — मी? अन् तुम्ही आत्ता गुडघ्याआड बोटं कसली फिरवली? बघितलं मी! ‘धागा जोडतोय, आलोच.’

हे कुठं शिकलात तुम्ही? तुम्ही तर इच्छापोरला कंपनीत. — आधी नवागामला होता? सुषमा बॉबिनी भरते त्याच खात्यात? शहरात प्लेग आला त्याच्या आधीपासून? अरे माझ्या देवा! म्हणजे तुमच्या ज्या मामांनी हे स्थळ आणलं, तेही सामील! — अन् थांबा... तो भेस्तानवाला. ‘आई, बघ, तुला मागं टाकून गेला तो,’ हे माझ्या कानात कोण कुजबुजलं होतं? सुषमाच! मोडलं तिनं, अन् झोप उडाली माझी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

हसू नका. — राग? नाही हो, राग कशाचा. उलट छातीवरचं ओझं उतरलं. रडू येतंय ते वेगळं. आईला सोडून लांब जावं असं पोरीला कधीच नव्हतं वाटलं, तिनं बसच्या अंतरावरचा मुलगा बघून ठेवला. — काय म्हणता, मुकादम काय म्हणतो ते तिला सांगू? तुम्ही नका सांगू. मीच सांगते. सुषमे! इकडं बघ! — हे असं, तळहात कापडावरून फिरवायचा अन् वर उचलायचा. माल पास.

ती तोंड झाकून हसतेय का रडतेय? मला काही नीट दिसत नाही इथून. तुम्ही जा, जा वर. अन् माझी वाट बघू नका, जेवायला बसा. — नाही म्हटलं ना, हात नको. जा हो. मला जरा एकटं बसू द्या.