पावणेएक्केचाळीसची छाती

...आणि वर म्हणे, नियम वाचून या! तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांना आजवर असं कुणी सुनावलं नव्हतं. चाळीस वर्षं कोट शिवतात, अख्खा बाजार ह्यांना मास्तर म्हणतो, आणि त्या संगणकावरच्या मदतीच्या फोरमवर कुणी एक, नाव नाही, गाव नाही, फोटोच्या जागी घुबडाचं चित्र, तो ह्यांचा प्रश्न पाच मिनिटांत बंद करतो काय, आणि खाली लिहितो काय, 'शीर्षकावरून प्रश्न कळत नाही. नियम वाचून पुन्हा लिहावे.' आता शीर्षक काय होतं? 'अतिशय तातडीचे' आणि पुढे सात उद्गारचिन्हं. मी मोजली. आत मजकूर, 'नमस्कार, कागद चुकतो आहे, त्वरित कळवावे, आपला नम्र.' बस. कुठला कागद, कसा चुकतो, हे त्या घुबडानं काय स्वप्नात बघायचं?

पण थांबा, आधी कागदाचं सांगते. दोन वर्षांपूर्वी लेकीनं दुकानातल्या संगणकावर एक सॉफ्टवेअर घालून दिलं. फुकट मिळतं. माप टाकलं की पुढा, पाठ, बाही, कॉलर सगळं आखून येतं. छापायचं, पानं चिकटवायची, कापडावर ठेवायची आणि कापायचं. हे आधी नाकं मुरडत होते, मग गुपचूप वापरायला लागले. तर मध्यंतरी जुना प्रिंटर मेला, नवा आला, आणि पुढच्याच आठवड्यात बुधवारी ह्यांनी भूमितीच्या सरांचा कोट कापायला काढला. सर शनिवारी निवृत्त व्हायचे होते. लहानपणी पडले तेव्हापासून त्यांचा डावा खांदा दोन बोटं खाली, तयार कोट त्यांच्या अंगावर म्हणजे खुंटीला तिरका टांगल्यासारखा. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कोट शिवायला टाकलेला, आणि कापड त्यांच्या थोरल्या बहिणीनं जाण्याआधी घेऊन ठेवलेलं. तसं कापड आता मिळत नाही, आणि होतं तेही इतकं बेताचं, की चिंधी उरायची नाही. ह्यांनी पानं चिकटवली आणि सवयीनं वर टेप टाकली, तर छातीला जिथे बेचाळीस इंच यायला हवेत तिथे पावणेएक्केचाळीस! पुन्हा छापलं, पुन्हा पावणेएक्केचाळीस. टेप टाकली नसती तर... नको, तो विचारच नको.

लेकीला फोन लावला, ती परगावी, कामात. ती म्हणाली, फोरमवर विचारा, आणि हो, बाबा, ती माणसं आपापले उद्योग सांभाळून उत्तरं देतात, तेव्हा नीट बोला. फुकटची मदत आहे, बोलायची सोय नाही.

मग दुसऱ्यांदा लिहिलं, 'माप चुकते'. दहा मिनिटांत तेही बंद! का, तर हा प्रश्न आधी येऊन गेलाय, तिकडे पाहा. आम्ही तिकडे गेलो. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी अगदी हेच विचारलेलं, आणि खाली त्यानंच लिहिलेलं, 'जमलं बरं का, धन्यवाद.' अरे, काय जमलं? कसं जमलं? जमवून गेलास कुठे? हे त्या सहा वर्षांपूर्वीच्या माणसाला असं बोलले, असं बोलले, की तो जिथे असेल तिथे ठसका लागून उठला असेल. मी म्हटलं, अहो, फुकटची मदत, बोलायची सोय नाही.

तिसऱ्यांदा घुबडानं प्रश्न उघडा ठेवला आणि उलट आम्हालाच सात प्रश्न विचारले. सॉफ्टवेअरची आवृत्ती कुठली? ह्यांनी लिहिलं, 'चांगली आहे.' पडद्याचं चित्र पाठवा म्हणाला, तर ह्यांनी मोबाइलनं फोटो काढला, त्यात अर्धा पडदा, पाऊण चहाचा कप आणि ह्यांचा अंगठा. मग बाकीचे जमले. एकानं सांगितलं, हे सॉफ्टवेअर टाकून द्या, मी दुसरंच वापरतो. आणि एकानं, बहुतेक सहजच, लिहिलं, 'एवढं अडलं असेल तर हातानं का नाही आखत?'

ते वाचलं आणि ह्यांचे कान लाल. मग टाइप करायला लागले, एका बोटानं, टक, टक, आणि मी मागून वाचतेय, तर तू कोण मला शिकवणारा इथपासून सुरुवात. मी खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हटलं, गिऱ्हाईक येऊन म्हणतं, मास्तर, घाई आहे, जरा सैल करा, तेव्हा तुम्ही काय म्हणता? मीच सांगितलं, 'कुठे सैल? किती सैल? छातीत का पोटात? नीट सांगता येत नसेल तर घरी जाऊन विचार करून या,' असं म्हणता तुम्ही. परवा एका भल्या माणसाला दारातून परत पाठवलंत. ते घुबड दुसरं काय करतंय?

बराच वेळ टेपचं टोक बोटाला गुंडाळत बसले. मग लिहिलेलं सगळं पुसलं आणि संगणक माझ्याकडे सरकवला.

"तूच लिही," म्हणाले. "लिही, की माझा हात कापतो. खडू धरला की रेघ सरळ येत नाही, दोन वर्षं झाली."

तुम्हाला सांगते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दोन्ही हातांनी खडू धरलेला मी पाहिला होता, आणि काही न बोलता माळ्यावर कापड शोधायला गेले होते. पण ह्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं. ना मला सांगितलेलं, ना लेकीला, समोरच्या दुकानातल्या शिंप्याला तर मेले तरी सांगितलं नसतं. आणि सांगितलं कुणाला, तर घुबडाला! मी सगळं लिहिलं. हात, सरांचा खांदा, बहिणीचं कापड, शुक्रवारची ट्रायल, बेचाळीस आणि पावणेएक्केचाळीस, आणि शेवटी, प्रिंटर गेल्या आठवड्यातच बदलला.

चार मिनिटांत उत्तर. 'पहिल्या पानाच्या कोपऱ्यात दहा सेंटिमीटरचा चौकोन आहे. तो मोजून सांगा, मास्तर.' मास्तर म्हणाला, बरं का.

आता चौकोन कुठून आणायचा? तो आमचे हे गेली दोन वर्षं नक्षी समजून कापून टाकत होते! कचऱ्याची टोपली पालथी घातली, त्यातून तो निघाला, ह्यांनी टेप लावली, नऊ पूर्णांक सात दशांश. घुबड म्हणालं, छापायच्या खिडकीत 'पानात बसवा' यापुढे बरोबरची खूण असेल, नव्या प्रिंटरनं स्वतःच केली असेल, ती काढा. काढली. छापलं. चौकोन दहा. छाती बेचाळीस. हे पाचेक मिनिटं नुसते त्या चौकोनावरून अंगठा फिरवत बसले. मलाही इतकं हलकं वाटलं, की टोपलीतला पसारा तसाच ठेवून मी चहा टाकला.

आणि गंमत पाहा, खडू धरला की थरथरणारा तो हात, जड कात्री धरली की स्थिर होतो. कापड असं कापलं, जसं लोणी.

शुक्रवारी सर आले. कोट घातला, आरशासमोर उभे राहिले, दोन्ही खांदे एका रेषेत. डाव्या खांद्यावरून एकदा हात फिरवला, चष्मा काढून पुसला, आणि कोट अंगातच ठेवून घरी गेले.

ह्यांनी फोरमवर तीन परिच्छेद आभार लिहिले, त्यात सरांचं, लेकीचं, माझं, सगळ्यांचं आलं. घुबडानं कळवलं, आभार पोचले, पण काय केलं तेवढं एका ओळीत लिहा, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल. ह्यांनी मुकाट्यानं लिहिलं. तेव्हापासून हे रोज सकाळी तिथेच! कुणी 'तातडीचे' लिहिलं की ह्यांचं उत्तर तयार, 'शीर्षक नीट लिहा. चौकोन मोजला का?' परवा मी म्हटलं, अहो, दारात गिऱ्हाईक ताटकळलंय. तर मला म्हणाले, थांब गं, लोक बिचारे अडलेत, आणि आम्ही फुकटची मदत करणारे, आम्हाला कुणी बोलू नये.

बरं बाई, नाही बोलत. तीस वर्षं ह्यांच्या प्रत्येक कोटाची काज-बटणं मी करते, तीही फुकटच... पण एखादं काज जरा तिरकं गेलं, की बोलायची सोय मात्र सगळ्यांना आहे.